हात, मामा!

लाटणे हे गृहिणीचे शस्त्र आहे, अशी आपल्या विनोदी लेखकांनी वाचकांची गेली कित्येक वर्षे समजूत करून दिली आहे. माझा अनुभव जरा निराळा आहे. गेल्या नोव्हेंबरात एका पहाटे मी माझ्याच घरातले लाटणे, माझ्याच हाताने, पाऊल न वाजवता स्वयंपाकघरातून पळवले आणि ते पिशवीत घालून भाट्याच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघालो. परत येतो तो पोळ्यांची वेळ झालेली आणि घरात शोधाशोध चाललेली. मी मुकाट्याने मोरीत जाऊन त्याची वाळू धुतली आणि ते ओट्यावर ठेवले.

"कुठे होतं हो?" सौभाग्यवतींनी विचारले.

"पळत होतं," मी म्हणालो. उत्तर अक्षरशः खरे होते, पण खरे बोलणाऱ्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते त्या नजरेने माझ्याकडे पाहण्यात आले.

त्याचे असे झाले. आमच्या महाविद्यालयात दर डिसेंबरात क्रीडामहोत्सव होतो आणि त्याच्या शेवटी चार गुणिले शंभर मीटरची टप्प्याची शर्यत होते. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तीन शाखांचे तीन संघ असतात, आणि चौथा कर्मचाऱ्यांचा. हा चौथा संघ प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी असतो, अशी विद्यार्थ्यांची प्रामाणिक समजूत आहे. गेल्या वर्षी आमच्यातले एक चपळ प्राध्यापक बदलून दुसऱ्या गावी गेले आणि एक जागा रिकामी झाली. शिक्षकांच्या खोलीत चहा चालू असताना कुणीतरी माझे नाव सुचवले. मी शेहेचाळीस वर्षांचा, मराठी शिकवणारा माणूस. धावलो ते शेवटचे शाळेत असताना, आणि तेसुद्धा मागे कुत्रे होते म्हणून. शिवाय त्याच आठवड्यात माझ्या रक्तात साखर निघाली होती आणि डॉक्टरांनी "हालचाल ठेवा" असे बजावले होते. घरी येऊन ही बातमी सांगितली, तेव्हा आमच्या सौ. एवढेच म्हणाल्या, "धावणार? तुम्ही?" या दोन प्रश्नचिन्हांनी माझा निश्चय पक्का केला.

संघात पहिला धावणारा पदार्थविज्ञानाचा तरुण अधिव्याख्याता, दुसरे ग्रंथपाल, तिसरा मी आणि चौथे मामा.

मामांचे खरे नाव हजेरीपटावर असेल. आमच्यापैकी कुणी ते उच्चारल्याचे मला आठवत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. काचेच्या नळ्या धुण्यात, आम्लांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावण्यात त्यांचा जन्म गेला. सडसडीत, काळेसावळे, साठीला टेकलेले, पण पाठ ताठ. एकवीस वर्षे कर्मचाऱ्यांच्या संघात शेवटचा टप्पा ते धावत आले होते. या एकवीस वर्षांत संघ तीनदा दुसरा आला. पहिला एकदाही नाही. मे महिन्यात ते सेवानिवृत्त व्हायचे होते. म्हणजे ही त्यांची शेवटची शर्यत. ते हे कुणाला सांगत नव्हते, आणि ते सांगत नाहीत म्हणूनच आम्हां तिघांच्या मनावर त्याचे ओझे होते. माझ्या मनावर अधिक, कारण त्यांच्या हातात दांडी द्यायची होती ती मी.

तर मामांनी मला शिकवायचे ठरवले. जागा भाट्याचा किनारा, वेळ पहाटेची. पण रोजची नाही. रत्नागिरीबाहेरच्या वाचकांसाठी हे सांगायला हवे, की समुद्राकाठी धावायचे तर घड्याळाआधी पंचांग पाहावे लागते. भरतीच्या वेळी कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय घोट्यापर्यंत रुततो. ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू मात्र अशी घट्ट असते, की तिच्यावर सायकल चालवावी. आमच्याकडे दर्यावर जाणाऱ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी, की भरतीचा तास निघतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती. त्या दिवशी घरी झोपावे. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळेल असे नाही, पण धावण्यापुरते जुळते. चाळीस वर्षे पंचांग घरात असून मी ते एकादशी आणि ग्रहणापलीकडे पाहिले नव्हते.

पहिल्या दिवशी सुरूच्या बनापासून मी जो निघालो तो साठ-सत्तर पावलांवर गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो. छातीत भाता चालला होता. एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन माझ्या शेजारून माझ्याहून जलद चालत गेली. मामा काही बोलले नाहीत. अनवाणी पायांनी ओल्या वाळूत एक रेघ ओढली आणि म्हणाले, "सर, आज हितपर्यंत. उद्या धा पावलं फुडं." हीच त्यांची सारी शिकवण्याची पद्धत. पदव्युत्तर वर्गाला काव्यशास्त्र शिकवताना मी एवढी साधी पद्धत कधी वापरली नव्हती.

शंभर मीटर कसेबसे जमू लागले, तेव्हा लाटण्याचे प्रकरण सुरू झाले. शर्यतीतली खरी दांडी जिमखान्याच्या कपाटात कुलपाआड होती. नियमाप्रमाणे ती 28 ते 30 सेंटिमीटर लांब, आतून पोकळ, आणि वजनाला निदान 50 ग्रॅम असावी लागते. आमचे लाटणे इंचभर लांब आणि बरेच जड होते, पण सरावाला चालून गेले.

या शर्यतीची सारी गंमत त्या दांडीत आहे. घड्याळ माणसांवर लावलेले नसते, दांडीवर असते. 2009 साली उसेन बोल्टने शंभर मीटर 9.58 सेकंदांत तोडले. असे चार बोल्ट एकापुढे एक उभे केले तर चारशे मीटरना 38.32 सेकंद लागतील. पण 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जमैकाच्या चौघांनी हे अंतर 36.84 सेकंदांत कापले. म्हणजे माणशी 9.21! त्या चौघांत बोल्ट एकच होता. मग हा वेळ वाचला कुठे? तर पुढचा धावणारा उभ्याने सुरुवात करीत नाही. मागचा येतो आहेसे पाहून तो आधीच पळू लागतो, आणि दांडी हातात पडते तेव्हा त्याचा वेग पुरा झालेला असतो. मात्र ही देवाणघेवाण आखलेल्या पट्ट्यातच व्हावी लागते. तो पट्टा पूर्वी 20 मीटरांचा होता. 2017 च्या अखेरीस नियम बदलून तो 30 मीटरांचा झाला. आमच्या क्रीडाशिक्षकांनी मात्र सवयीने 20 मीटरवरच फक्की मारली. याबद्दल माझी एक तक्रार आहे. ती पुढे येईल.

आणि पुढचा मागे वळून पाहत नाही. नजर समोर, हात मागे, तळवा उघडा. मागच्याने "हात!" म्हणून ओरडायचे आणि त्या तळव्यात दांडी ठेवायची. मी पहिल्या दिवशी मामांना विचारले, "अहो, पण मी आलोच नाही तर?"

"तुमी येनारच," मामा म्हणाले. "मी मागं बगनार नाय, सर. बगितलं म्हंजे इश्वास नाय."

मी मराठीचा मास्तर असल्यामुळे माझे लक्ष शब्दांकडे जाणे अपरिहार्य होते. टप्प्याची शर्यत हा शब्द मला 'रिले'पेक्षा फार आवडतो. 'टपाल' हा शब्द या टप्प्यावरूनच आला असावा असे म्हणतात, आणि ते मानायला माझे मन तयार आहे. पेशवाईच्या कागदपत्रांत पत्रे पोहोचवणाऱ्या जासुदांच्या जोड्या भेटतात, पुढे इंग्रजी अमदानीत हातात भाला आणि घुंगुर घेऊन रान तुडवणारा डाकवाला भेटतो. पण या साऱ्यांहून जुने आणि सुरेख वर्णन आहे ते चौदाव्या शतकातल्या इब्न बतूताचे. महंमद तुघलकाच्या राज्यात पायी डाक कशी चाले, ते या मोरोक्कोच्या प्रवाशाने लिहून ठेवले आहे. दर मैलाला तीन चौक्या. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात काठी, काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा. तो जिवाच्या आकांताने पळत सुटे. पुढच्या चौकीवरचा माणूस घंटांचा आवाज कानी पडताच कंबर कसून उभा राही, आणि पत्र हातात येताच तोही पळू लागे. घोड्यांच्या डाकेहून ही पायी डाक जलद असे, असे तो सांगतो. खुरासानचा ताजा मेवा याच रीतीने सुलतानाकडे येई. आणि सुलतान आपल्या महाराष्ट्रात, दौलताबादेस मुक्कामाला असला म्हणजे त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी याच वाटेने येई. चाळीस दिवसांची ती वाट! किती पायांनी ते पाणी वाहिले असेल, आणि त्यांतल्या एकालाही त्यातला घोट मिळाला असेल का, असा विचार भाट्याच्या वाळूत धापा टाकताना माझ्या मनात येई. तहान लागलेली असली म्हणजे इतिहास फार जवळचा वाटतो.

त्याच दिवसांत वाचता वाचता मला आणखी एक गोष्ट सापडली. ती इतक्या वर्षांत कुणी सांगितली नाही याचा राग आला. 1954 च्या मे महिन्यात मनिला येथे दुसऱ्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत स्त्रियांच्या चार गुणिले शंभरच्या शर्यतीचे सुवर्णपदक भारताच्या चार मुलींनी जिंकले. क्रिस्टीन ब्राउन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसूझा. यांतली मेरी आपल्या मुंबईची, वांद्र्याची. स्टेफी गोव्यात जन्मलेली, पुण्यात वाढलेली. तेव्हा ती अठराचीही नव्हती. तीन वर्षांपूर्वी, 1951 साली दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, तेव्हा या शर्यतीत जपानच्या मुली पहिल्या आणि आपल्या दुसऱ्या आल्या होत्या. मेरी त्या संघातही होती. 1952 ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला ती गेली, ती ओळखीपाळखीच्या लोकांनी खटपट करून पैसे जमवले म्हणून. त्याच ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना गावोगाव मदत मागावी लागली आणि कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी आपले घर गहाण टाकले, ही कथा आपण मुलांना सांगतो, आणि ती सांगावी अशीच आहे. पण मेरीची कथा कोण सांगतो? दोघीही, मेरी आणि स्टेफी, हॉकीही देशाच्या वतीने खेळल्या. स्टेफीला 1963 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. मेरीला ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो 2013 साली, वयाची ऐंशी उलटल्यावर. मी घरी जेवताना ही नावे घेऊन पाहिली. मुलीला माहीत नव्हती, पत्नीला माहीत नव्हती, शेजारी जेवायला बसलेल्या मेव्हण्यांना खेळांतले सारे काही माहीत असते, त्यांनाही नव्हती. महिन्यापूर्वी मलाही नव्हती, हे मी अर्थातच बोललो नाही.

या शर्यतीत एकट्याचे असे काही राहत नाही. 2008 साली बीजिंगला बोल्टच्या संघाने सुवर्णपदक मिळवले, आणि नऊ वर्षांनी, 2017 च्या जानेवारीत ते परत घेण्यात आले. कारण काय, तर चौघांतल्या नेस्टा कार्टरच्या जपून ठेवलेल्या नमुन्यात बंदी असलेले द्रव्य निघाले. एकाचा दोष, चौघांची पदके गेली. त्याच बीजिंगमध्ये अमेरिकेच्या पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या अशा दोन्ही संघांकडून दांडी खाली पडली. अमेरिकेच्या हातून पडते, तर आपल्या हातून का पडणार नाही? शर्यतीच्या आधीच्या रात्री मला झोप लागली नाही, ती या विचाराने.

दिवस उजाडला तो छान थंडीचा. मैदान आमचे जांभ्याच्या लाल मातीचे, एक फेरी दोनशे मीटरांची. म्हणजे पहिला धावणारा मांडवासमोरून निघून अर्धी फेरी घालतो आणि पलीकडच्या काजूच्या झाडाशी दुसऱ्याला दांडी देतो. दुसरा ती मांडवासमोर तिसऱ्याला देतो. तिसरा पुन्हा काजूपाशी चौथ्याला. म्हणजे माझा प्रारंभ साऱ्या प्रेक्षकांसमोर होता. पहिल्या रांगेत पत्नी आणि मुलगी. मुलीने माझे नाव घेऊन आरोळी ठोकली, तेव्हा माझ्याच वर्गातली मुले मोठ्याने हसली. मामा दूर काजूखाली उभे होते. त्यांनी आपल्या जागेपासून चौदा पावले मोजून मागे फक्कीची एक आडवी रेघ मारली होती. मी त्या रेघेवर आलो, की ते सुटणार.

शिट्टी झाली. पदार्थविज्ञान वाऱ्यासारखे सुटले. ग्रंथपालांनी, जे एरवी पुस्तक शोधायला अर्धा तास लावतात, त्या दिवशी जीव तोडून पाय उचलला. विज्ञानाचा मुलगा थोडा पुढे, आणि त्याच्या पाठोपाठ आम्ही! "हात!" असे ऐकू आले, तळव्यावर काहीतरी आपटले आणि मी पळू लागलो.

वळणावर मी चांगला होतो. हे माझे मत नाही, मुलीचे आहे. वळण सरले, समोर मामांची पाठ दिसू लागली, फक्कीची रेघ जवळ आली, मी तिच्यावर पाय दिला आणि मामा सुटले. आणि त्याच पावलाला माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला.

ज्यांना हा अनुभव आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून कळणार नाही. पाय माझा राहिलाच नाही. मामा पुढे चालले होते, त्यांचा हात मागे आलेला, तळवा उघडा, आणि तो तळवा माझ्यापासून दूर दूर जात होता. "थांबा!" म्हणायला हवे होते. महिनाभर एकच शब्द घोकलेला. तोंडातून तोच निघाला. "हात, मामा! हात!" हात तर केव्हाचा पुढे होता. पट्ट्याची शेवटची रेघ त्यांच्या पुढ्यात आली. ती ओलांडून दांडी घेतली असती तर संघ बाद. (तो पट्टा नियमाप्रमाणे तीस मीटरांचा असता, तर... असो. हीच ती तक्रार.)

मामा थांबले. मागे न पाहता थांबले. रेघेच्या अलीकडे, एक पाय पुढे, मान सरळ, हात तसाच मागे. शेजारून कलाशाखेचा मुलगा गेला. मग वाणिज्याचाही गेला. प्रेक्षकांत ओरडा झाला, कुणी हसले. मामांचा तळवा हलला नाही. मी लंगडत, जवळजवळ एका पायावर, ती सहा-सात पावले गेलो आणि त्यांच्या हातात दांडी ठेवली. बोटे मिटली आणि माणूस दिसेनासा झाला.

मी तिथेच फक्कीत बसलो होतो, त्यामुळे शेवट मी पाहिला नाही. ऐकला. वाणिज्याचा शेवटचा गडी अंगाने भरलेला होता. मामांनी त्याला मांडवाच्या अलीकडे गाठले. आम्ही चौघांत तिसरे आलो. तिसऱ्या क्रमांकाला आमच्याकडे बक्षीस नाही.

थोड्या वेळाने मामा मैदान तुडवीत माझ्याकडे आले. मी बोलायला सुरुवात केली, "मामा, तुमची शेवटची..." त्यांनी ते पुरे होऊ दिले नाही.

"कंचा पाय, सर? डावा?" असे म्हणून ते खाली बसले आणि त्यांनी माझी टाच मांडीवर घेऊन पंजा वर दाबून धरला. हळूहळू गोळा उतरू लागला. मला राहवले नाही. मी विचारले, "तुम्ही वळून पाहिलं नाहीत. मग मी अडकलो हे कळलं कसं?"

"पावलांचा आवाज बदलला न्हवं," ते म्हणाले. जणू यात विचारण्यासारखे काही नव्हतेच.

मेअखेरीस मामांचा निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ आणि भाषणे. भाषणांत त्यांच्या प्रामाणिकपणाचा आणि वक्तशीरपणाचा उल्लेख झाला. शर्यतीचा कुणी केला नाही. मलाही बोलायचे होते, पण माझी पाळी येईपर्यंत वीज गेली आणि ध्वनिक्षेपक बंद पडला. समारंभ आटोपल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन कागदात गुंडाळलेली एक वस्तू दिली. ती पाठवली होती आमच्या सौभाग्यवतींनी. वाळूने त्याच्यावर असे काही ओरखडे उठले होते, की पोळी धड लाटली जात नव्हती, आणि त्यांनी दिवाळीपासून चालवून घेतल्यावर अखेर रामआळीतून नवे आणले होते.

मामांनी कागद सोडवला. लाटणे हातात घेऊन दोनदा फिरवून पाहिले, तळव्यात धरून मूठ आवळली.

"मधी जरा जाड हाय," ते म्हणाले, "पन चालंल." मग मनाशी काही हिशेब करून म्हणाले, "सर, परवा प्रतिपदा. सात वाजता पुरी ओहोटी. साडेसाला या."